अंदमानचा व्हिडिओ

भीमेत कुणी बुडालं की माणसं आधी ताईबाईच्या दारात यायची, कारण तिच्या नवऱ्यासारखा बुडी मारणारा अख्ख्या दौंडात दुसरा नव्हता. गढूळ पाण्यात तळाचा गाळ चाचपून चांगदेवनं कितीतरी घरांना त्यांचं माणूस शोधून दिलं होतं.

यंदा रेल्वेत लागलेल्या लेकीनं, रश्मीनं, आईबापाला अंदमान दाखवलं. चांगदेवच्या पाठीवर टाकी बांधून त्यांना पार समुद्राच्या तळाशी नेऊन आणलं. घरी आल्यावर तिनं तो व्हिडिओ टीव्हीवर लावला, तशी क्वार्टरमधली शेजारीपाजारी मंडळी जमली.

काचेसारखं निळं पाणी. पिवळ्या माशांचा थवा चांगदेवच्या कानाजवळून वळला. परातीएवढं कासव अगदी नाकासमोरून गेलं. आणि चांगदेव? चष्म्याआड डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हात वाळूत चाचपडतायत!

सगळे खो-खो हसले.

"आबा, डोळं तरी उघडायचं की! एवढं कासव गेलं समोरनं!" रश्मी म्हणाली.

"पाण्यात डोळ्यानं दिसतंय व्हय काय? हातानंच बघायचं असतंय," चांगदेव ओशाळून म्हणाला.

ताईबाई तेवढी हसली नाही. मंडळी पांगल्यावर तिनं टीव्ही बंद केला आणि नवऱ्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

 

"अवं, आपला ल्योक आयुष भीमेतच ऱ्हायला. तुम्ही त्याला तिथं कशाला हुडकीत हुता?"