कार्बनची पट्टी

दिनकरने मुलीच्या नव्या बास्केटबॉल बुटाच्या जिभेवरची, एका बड्या खेळाडूची सही सुरीने टराटरा फाडली. मग बूट गुडघ्याखाली दाबून त्याने तळव्यावर लोखंड कापायची करवत चालवली.

"बाबा, काय करून राहिले तुम्ही!" दुर्वा किंचाळली. "कॉपी आहेत ते! कोच सरांनी कॉलेजच्या सगळ्या टीमला दिले!"

तीस वर्षं फॅक्टरीत एक नमुना कापल्याशिवाय दिनकरने कुठलाच माल पास केला नव्हता. विणलेलं कापड चिरलं, फोमचा भुगा फरशीभर उडाला.

"कॉपीत प्लास्टिक निघते, असलीत कार्बन," तो दातओठ खात म्हणाला. तेवढ्यात करवत करकरली. त्याने फोम ओरबाडून आतली काळी कार्बनची पट्टी उपसली आणि वाकवून पाहिली. ती सपकन उलटून त्याचं बोट चिरून गेली.

"असली आहे," रक्ताकडे न पाहता तो म्हणाला. "इतका महागाचा बूट कोणी सगळ्या टीमला देत नाही, बेटा. तुला एकटीलाच काहून दिला?"

दुर्वाने दुसरा बूट स्वतःच्या गुडघ्याखाली दाबला आणि बापाच्या हातातून करवत काढून घेतली.

"हा मी कापते, बाबा. मग त्या सरच्या घरी चला."