नावाचा मालक

महामारीत माझे शिवणकामाचे दुकान बंद पडले, तेव्हा ते इंटरनेटवर थाटण्याचा मी निश्चय केला. नोकरी गमावून घरी बसलेल्या धाकट्या भावावर दुकानाच्या नावाचे संकेतस्थळ नोंदवण्याचे काम मी विश्वासाने सोपवले.

दुसऱ्या दिवशी तो खिन्न मुद्रेने म्हणाला, "दादा, ते नाव कालच कुणीतरी पटकावलं रे. हल्ली बंद दुकानांची नावं घेऊन दहापट भावानं विकतात. लाज कोळून प्यायलेत लोक!"

त्या अज्ञात विक्रेत्यास मी ईमेलने किंमत उतरवण्याची विनवणी केली. तत्काळ उत्तर आले, "आईनं ठेवलेल्या नावापुढे पैशाचं काय घेऊन बसलात?"

दुकानाचे नाव आईने ठेवले होते, हे तिच्या पश्चात आम्हा दोघा भावांखेरीज कोणासही ठाऊक नव्हते.