छत्तीस सालचा कप

निपाणीच्या दवाखान्यात भावकू बाकावर बसून होता. त्याच्या पुढं विड्या वळणाऱ्या पाच बायका होत्या आणि पाचीजणी खोकत होत्या. तंबाखूच्या खकाण्यानं त्यालाही शिंका येत होत्या. कोटाच्या आतल्या खिशात बेळगावच्या गोल्फ क्लबाचं पत्र होतं. ते डॉक्टरांच्या हाती देण्याआधी त्याला एक गोष्ट बोलायची होती. अकरा वर्षं ती त्यानं कुणापाशी काढली नव्हती. बायकोपाशीसुद्धा नाही.

पत्रात काय आहे ते त्याला ठाऊक होतं. साहेबलोक गेले, क्लब आपल्या लोकांच्या हाती आला. नव्या कमिटीनं भिंतीवरचा विजेत्यांचा फळा बघितला, तर एकोणीसशे छत्तीसची ओळ कोरी. त्या साली दख्खन कप डॉक्टर मारुतीराव नलवड्यांनी जिंकला होता, हे सगळ्या कॅम्पाला माहीत. काळ्या माणसाचं नाव गोऱ्यांनी लिहिलं नाही, असंच लोक समजत आले. आता ते सोनेरी अक्षरांत लिहायचं होतं, सत्कार करायचा होता. डॉक्टरांचा जुना कॅडी म्हणून भावकूलाच धाडलं.

तेव्हा मारुतीराव पलटणीच्या दवाखान्यात कॅप्टन होते. त्यांच्या काठ्यांची पिशवी भावकू वाहायचा. कडोलीला त्याची बायको मालुबाई बाळंतपणात अडली, तेव्हा हा माणूस स्वतः सायकल मारत कडोलीला आला. बाई वाचली, लेकरूही वाचलं. ते उपकार कसे फेडायचे, हे भावकूला सुचत नव्हतं.

मग तो कपाचा शेवटचा दिवस आला. मारुतीराव आणि एक गोरा कर्नल बरोबरीत सुटले. निकालासाठी एक भोक जादा खेळायचं ठरलं. कुंपणाला शहापूरचे विणकर, पलटणीतले शिपाई, बाजारातले हमाल, तीन-चारशे माणूस चिकटलं होतं. गोल्फातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. आपला माणूस कर्नलाच्या बरोबरीनं उभा आहे, एवढं मात्र कळत होतं.

चेंडू कुठं पडतात ते बघायला भावकू पुढं गेला होता. डॉक्टरांचा चेंडू झाडाच्या आडोशाला गेला. कर्नलाचा आखूड गवतात पडला आणि तिथून भोकाकडं वाट मोकळी होती. आता कर्नल जिंकणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. भावकूनं मागं बघितलं. जवळ कुणी नव्हतं. त्यानं टाच चेंडूवर ठेवली आणि अंगाचा भार टाकला. माती ओली होती. चेंडू निम्मा आत गेला.

कर्नलाच्या फटक्यानं चेंडू जेमतेम चार पावलं सरकला. डॉक्टर जिंकले. लोकांनी कुंपण ओलांडून त्यांना खांद्यावर घेतलं. वरून डॉक्टर आपल्याकडंच बघताहेत असं भावकूला वाटलं, पण चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

महिन्याभरात डॉक्टरांनी पलटण सोडली आणि निपाणीत गोरगरिबांसाठी दवाखाना घातला. कप जिंकून नोकरीला लाथ मारणारा माणूस, असं लोक म्हणायचे. ती वाहवा कानावर आली की भावकू तिथून उठून जायचा.

पाचवी बाई बाहेर आली. भावकू आत गेला.

"भावकू?" डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते. "अरे, किती वर्षांनी. बस."

"बसत न्हाय, साहेब. हे पत्र वाचायच्या आधी माझं ऐका." त्यानं डोळे मिटून घेतले. "त्यो कप तुमचा न्हवं. कर्नलाचा चेंडू मी टाचंनं दाबलता. तुमास्नी ठावं न्हवतं. आता खोट्यावर तुमचं नाव लिवत्यात, ते मला बघवायचं न्हाय. काय शिक्षा द्याची ती द्या."

डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढली, टेबलावर ठेवली. पत्र उघडलं, वाचलं, परत घडी घातली.

"मालुबाई बरी आहे?"

"हाय की."

"आणि तो पोरगा?"

"सातवीत हाय. मास्तर व्हतो म्हणतोय."

"चांगलं. हे कुणाला सांगितलंस?"

"न्हाय, साहेब. देवाशपथ."

"मग आता सांगू नकोस. बोललास, मोकळा झालास. कमिटीला कळव, मला सत्कार नको. ती ओळ आहे तशीच राहू दे."

"पर साहेब, तुमी रागावला न्हाय?"

"जुनं झालं रे ते. मागं जा, चहा घेऊन मगच गाडी धर."

भावकूनं वाकून पाय धरले. सोप्यातून मागं जाताना त्याला अंग पिसासारखं हलकं वाटत होतं. इतकं सोपं होतं, तर अकरा वर्षं का जळत बसलो, असं त्याच्या मनात आलं.

मागच्या पडवीत डॉक्टरांच्या पत्नी सत्यवतीबाईंनी चहाची कपबशी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्या तिथंच खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"तुम्ही बेळगावचे ना? ह्यांच्या काठ्या उचलायचात?"

"व्हय, आक्का."

"त्या दिवशी होतात तिथं?"

"व्हतो."

त्यांनी दवाखान्याच्या दाराकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मग तुम्हालाच विचारते. कर्नलानं तक्रार केली, बंद खोलीत चौकशी झाली, तेव्हा हे आपणहून पुढं झाले. चेंडू मीच दाबला म्हणाले. कप परत केला आणि नोकरीचा राजीनामा लिहून दिला. माझे आप्पा मरेपर्यंत या घरचं पाणी प्याले नाहीत. मीही अकरा वर्षं ह्यांच्याशी कामापुरतंच बोलते. एवढा सरळ माणूस. असं का केलं असेल हो त्यांनी?"