लाल बटणावरचा हात

कणीक मळायच्या यंत्राच्या पडद्यावर आज ०.९ हा आकडा उमटला. दिवाळीत तो ०.५ होता. सकाळच्या चाचणीत दिवा लागल्यापासून यंत्र थांबवणारे लाल बटण दाबेपर्यंत इंदुमतीबाईंना लागलेले हे सेकंद, आणि ते फक्त त्यांनाच दिसत. आपण यंत्र चालवण्याजोगे आहोत की नाही हे चालकानेच बोलून सांगायचे, यंत्राने चुगली करायची नाही, असा कायदा होता.

"चालक सक्षम आहे का?" यंत्राने विचारले.

आकडा वाढत असूनही गेले तीन महिने त्या रोज 'हो' म्हणत आल्या होत्या. पोळी केंद्रात चालकाचा परवाना त्यांच्या एकटीकडे होता. बावीस वर्षे लाटण्यात घालवल्यावर मिळालेला तो मान होता आणि एका 'नाही'ने तो जाणार होता.

समोर मेहरून बाही सारून, उलथने घेऊन उभी होती. पात्याला चिकटलेली कणीक पाते फिरत असतानाच खरवडायची, ही इथली जुनी खोड. मध्येच थांबवले तर कणीक घट्ट होते, असे सगळ्या म्हणत. तेवढा वेळ चालकाने बटणावर हात ठेवून उभे राहायचे.

"मावशी, म्हणा की हो," मेहरून म्हणाली. "तुमचा हात बटणावर असला की मला घोर नसतो. आमच्या ह्यांच्या गाडीच्या ब्रेकवरसुद्धा एवढा भरवसा नाही माझा."

इंदुमतीबाईंनी तिच्या बोटांकडे पाहिले. वाढलेल्या चार दशांश सेकंदांत पाते जवळजवळ अर्धा फेरा घेत होते. हा हिशेब त्यांनी पूर्वीच केला होता.

"नाही," त्या यंत्राला म्हणाल्या. "चालक सक्षम नाही."