बयोची शीळ

बयोने शीळ घातली आणि भागीच्या हातातला चारा तिथेच गळून पडला.

नाकातून निघालेला बारीक, लांबट आवाज. दीड टनाच्या जनावराचा वाटूच नये असा. तीन वर्षं भागी या गेंड्याच्या मादीला चारा घालत होती, तिचं शेण काढत होती, उन्हाळ्यात तिच्या अंगावर पाणी मारत होती. असा आवाज तिने आजवर ऐकला नव्हता. पण तो कसला, हे तिला ठाऊक होतं. मादीला नर हवासा झाला की ती शीळ घालते, असं डॉक्टर पद्मजाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गेले अकरा महिने पनवेलच्या डोंगरकडेच्या या प्रजनन केंद्रातला प्रत्येक जण त्या शिळेसाठी कान टवकारून होता.

भागी धावत सुटली.

पलीकडच्या आवारात ट्रक उभा होता. दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून आणलेला नर, भैरव, आज परत जायचा होता. त्याची अकरा महिन्यांची मुदत संपली होती. जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी पिंजऱ्याच्या पलीकडून त्याचा राखणदार बळीराम त्याला केळी दाखवत होता, आणि भैरवचे पुढचे दोन पाय आत पडलेही होते.

"मॅडम! बयो शीळ घालतेय!"

पद्मजाबाई ट्रकच्या कागदांवर सह्या करत होत्या. "भागीताई, कालचाच रिपोर्ट आहे. हॉर्मोन्स अजून वर गेलेले नाहीत."

"कागुद कालचा हाय, मॅडम. ती आज बोलतेय."

बाई पेन हातात तसंच धरून कुंपणाशी आल्या. बयो गप्प उभी. तेवढ्यात उलव्याच्या विमानतळाकडून विमान उठलं आणि त्याच्या घरघरीत काहीच ऐकू येईना. भागी कुंपणाशी वाकली. "घाल गो बाय," ती पुटपुटली, "एकदा घाल."

विमान गेलं. बयोने मान वर केली आणि शीळ घातली.

बाई काही बोलणार तोच पिंजऱ्याकडून बळीरामची हाक आली. भैरव केळी टाकून मागे सरकत होता. मागच्या मागे बाहेर आला, वळला, आणि दोन आवारांमधल्या लोखंडी दाराला नाक लावून भात्यासारखा श्वास घेऊ लागला.

"दार उघडा," बाई म्हणाल्या.

बळीराम जागचा हलला नाही. "मी नाय उघडनार. मागल्या टायमाला मीच उघडलेला. इसरलाव काय?"

कोणीच विसरलं नव्हतं. जानेवारीत रिपोर्टच्या भरवशावर दार उघडलं होतं, आणि दोन मिनिटांत भैरवने बयोच्या मांडीचा लचका तोडला होता. महिनाभर भागीने ती जखम धुतली होती.

"मागल्या टायमाला आपन त्याला धाडला," भागी म्हणाली. "या टायमाला तिने बोलावलाय."

पद्मजाबाई मागे वळून बाकीच्या कामगारांवर ओरडल्या, "पाण्याचे पाइप घेऊन कुंपणाशी उभे राहा! मी हात वर केला की दोघांच्या मधे मारा!"

बळीरामने दाराची साखळी भागीच्या हातात दिली. भागीने ती सगळा भार टाकून ओढली. दार करकरत वर गेलं.

भैरव बाणासारखा सुटला. बयोही सुटली. दोन डोंगर एकामागोमाग धावल्यासारखी जमीन हादरू लागली. एक फेरी झाली, दुसरी झाली, धुरळ्यात दोघं दिसेनाशी झाली. भैरवची धडक बसल्याचा आवाज आला आणि बयो पुढच्या गुडघ्यांवर कोसळली. बाईंचा हात वर जाऊ लागला. भागीने तो घट्ट धरला. आपण डॉक्टरांचा हात धरलाय, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"थांबा, मॅडम! ती पळत नाय. पळवतेय त्याला!"

खरंच, बयो उठली, चार पावलं धावली आणि थांबली. मान वळवून तिने मागे पाहिलं. भैरव जवळ आला की पुन्हा चार पावलं. जानेवारीत ती भिंतीला अंग घासत जीव घेऊन पळाली होती. आज तिचे कान ताठ होते.

तिसऱ्या फेरीला ती आवाराच्या मधोमध उभी राहिली ती राहिलीच. भैरव तिच्या मागे आला. धापा टाकत, हळूच, त्याने आपली हनुवटी तिच्या पाठीवर टेकवली. बयो हलली नाही.

"बाई गं," पद्मजाबाईंच्या तोंडून निघालं. पाइप धरलेली माणसं पाइप धरूनच पुतळ्यासारखी उभी राहिली. भैरव वर चढला तेव्हा बळीरामने टोपी तोंडावर धरली आणि तिच्या आडून तो पाहत राहिला. पाऊण तास तो तसाच होता. नर बाजूला झाला तेव्हा बाईंनी भागीला कडकडून मिठी मारली. भागीच्या अंगाला शेण लागलेलं होतं, घाम होता. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्या रडत होत्या, हसत होत्या.

बाईंचा मोबाईल वाजला. भैरवच्या संग्रहालयातले साहेब होते. नर निघाला का, विचारत होते. पद्मजाबाईंनी डोळे पुसले. त्यांनी मोबाईल भागीच्या कानाला लावला. "तुम्हीच सांगा."

भागी आजवर कुठल्या साहेबाशी मोबाईलवर बोलली नव्हती. तिने पदर सावरला, घसा खाकरला.

"साहेब, भैरव आज येत नाय. जावई झाला आमचा. जावयाला भर उनात कोन धाडतं?"