घसरणारी चेन

ओंकारने हेल्मेट काढलं ते थेट मुरादच्या सायकल दुकानात शिरल्यावर. पोलादपूरच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की प्रश्न ठरलेला, "काय रे, रजेवर का?" मुंबईची नोकरी गेल्यापासून त्या प्रश्नाच्या धाकाने तो कापडे गावातल्या घराबाहेर पडलाच नव्हता. आज पडला, कारण बापाच्या जिवाचा घोर त्याहून मोठा होता.

"चाचा, नानांची सायकल आली का?"

"ही काय." मुरादने भिंतीकडे मान केली. "तुझा बाप चहाला गेलाय."

"चेनचं काय?"

मुरादने दातेरी चाकाच्या पुढच्या अंगाला चेन चिमटीत धरून ओढली. ती दात्यांवरून इतकी वर उचलली गेली की मधून पलीकडची भिंत दिसली.

"नवी चेन अशी उठत नाय. ही झिजून लांब झाली. वेळेत बदलली असती तर चेनीवरच भागलं असतं. आता हिनं दातेपण खाल्ले. त्यावर नुसती नवी चेन टाकली तरी घसरणारच. मी केव्हाचा सांगतोय, पण तो ऐकतोय कुठं!"

"आणि दातेही बदलले तर?"

"मग काय, घोड्यासारखी पळंल."

ओंकारला नेमकं तेच नको होतं. नाना, म्हणजे भागोजी, सत्तरीच्या पुढचे. रोज सकाळी सायकलला दुधाचे कॅन लावून कापड्याहून पोलादपूरला रतीब घालायला यायचे. मोडेन पण वाकणार नाही, असा खाक्या. हल्ली परतायला दुपार व्हायची आणि हात मनगटापर्यंत काळे. विचारलं की एकच उत्तर, "चेन पडली." चढावर चेन घसरली आणि मागून ट्रक आला तर? या विचाराने ओंकारच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"चाचा, या सायकलीचे पार्ट आता मिळत नाहीत, असं सांगा त्यांना. सायकल बंदच होऊ दे."

मुराद फडक्याने पाना पुसत राहिला. "आणि दूध?"

"मी घालीन."

"रोज? घरोघर?"

ओंकार घुटमळला. घरोघर म्हणजे दारोदार तोच प्रश्न.

"रोज," तो म्हणाला.

"बरं," मुराद म्हणाला. त्याने फारसे आढेवेढे घेतले नाहीत, याचं ओंकारला जरा नवलच वाटलं.

तेवढ्यात भागोजी चहा पिऊन आले. मुलाला बघून त्यांच्या भुवया चढल्या. "तू कुठं रे?"

"पेट्रोल भरायला आलो होतो."

मुरादने घसा खाकरला. "भागोजी, हिचे पार्ट आता मिळायचे नाय. महाडलापण विचारून झालं."

मग भागोजींनी जो काय आवाज लावला! "मिळत नाय म्हंजे? तुला जमत नसंल तर तसं सांग. चिपळूणला जाईन, पुण्याला जाईन, पन सायकल सोडणार नाय!" शेजारचा किराणावाला डोकावून गेला.

ओंकारने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, राहू दे आता. उद्यापासून दूध मी घालतो."

"तुला घरं तरी म्हायत हायत काय?"

"तुम्ही मागे बसा. दाखवा मला."

म्हातारा सायकलच्या सीटवरून नुसता हात फिरवत राहिला. ओंकारला भरून आलं. आपण बापाची हौस कपटाने काढून घेतली, असं वाटून त्याला तिथे थांबवेना. तो मोटरसायकल वळवायला बाहेर गेला.

रस्त्यापलीकडून कुणीतरी हाक मारली, "ओंकार! कधी आलास?" तो थबकला. मग रस्ता ओलांडून गेला आणि बोलत उभा राहिला.

भागोजी दारातून बघत होते.

"तू म्हटलंस तस्संच बोलला तो," मुराद हळूच म्हणाला. "पन भागोजी, असल्या चेनीवर इतके दिस काढलेस. खरंच गाडीखाली आला असतास म्हंजे?"

"बसतोय कोन तिच्यावर?" भागोजी मुलावरची नजर न काढता म्हणाले. "कापड्यापासून रोज चालत आणत होतो, वर चेनीवर चोळून हात काळे करत होतो. म्हटलं, आपली काळजी लागली म्हंजे तरी पोर उंबऱ्याबाहेर येईल."