दिल्नाची तयारी

“अगं, जीव घेशील का माझा!” प्रसीता ओरडली आणि विहिरीकडे निघालेल्या बॉलमागे धावली. कसाबसा बोटांवर घेऊन तिने तो नेटजवळ उंच उडवला. दिल्नाने उडी मारली, हात फिरवला आणि बॉल थेट नेटमध्ये.

“लिफ्ट बुटकी होती, चेची,” दिल्ना म्हणाली.

म्हणजे बघा! पास हिचा वाकडा, स्मॅश हिचा फसलेला, आणि खापर वहिनीच्या डोक्यावर. दिल्ना नणंद खरी, पण प्रसीताला चेची म्हणायची, थोरल्या बहिणीसारखी. कॉलेज संपवून ओणमला ती केरळातल्या वडकराजवळच्या या घरी परतली आणि तिने अंगणातल्या दोन माडांना मासे धरायचं जुनं जाळं ताणून बांधलं. “गावच्या क्लबात बायकांच्या व्हॉलीबॉल टीमची निवड आहे. तू शाळेत लिफ्टर होतीस ना? मग रोज संध्याकाळी लिफ्ट द्यायची मला.”

प्रसीता नाही म्हणाली नाही. शाळेत ती जिल्ह्याच्या टीमला लिफ्ट द्यायची, म्हणजे स्मॅशसाठी बॉल नेटजवळ उचलून द्यायची. याच क्लबाने तिलाही एकदा निवडीला बोलावलं होतं. नेमकं त्याच दिवशी तिला बघायला पाहुणे आले, आणि तिने कांजीवरम साडी नेसून चहाचा ट्रे हातात घेतला. नवरा चांगला मिळाला, तक्रार कसली करायची! पण दिल्नाची संधी तरी हुकायला नको, हे तिने मनाशी घट्ट ठरवलं.

अडचण एकच होती. पोरीचे निम्मे स्मॅश नेटमध्ये जात. आणि लिफ्टरचा स्वभाव कसा असतो? स्मॅश मारणारा शूटर चुकला की ती आधी स्वतःची बोटं बघते. प्रसीताही बघायची. आणखी उंच, आणखी नेटालगत, उडी मारून, मागे वळून, नाना तऱ्हांनी ती बॉल उचलायची.

“तू पास तरी नीट दे ना गं!”

“मॅचमध्ये कुठे नीट येतात? मला वेड्यावाकड्या लिफ्टवर मारायची सवय पाहिजे. धाव!”

प्रसीता धावायची. पहिल्या आठवड्यात तिला पायऱ्या उतरवेनात. दिल्नाने नवे बूट आणले तेही हिच्याच पायात. “मला घट्ट होतायत. घालून जरा सैल कर.” 

सासूचं, जानकीअम्मांचं, तर नवलच. एरवी मिठाचा खडा कमी पडला तरी घर डोक्यावर घेणारी बाई, एके दिवशी प्रसीताच्या हातातली मासळी ओढून घेत म्हणाली, “मी करते साफ. तू जा, पोरगी खोळंबलीय.” प्रसीताला धडकीच भरली. वर दोघींच्या ताटात दोन-दोन उकडलेली अंडी. “एकटीला खायला लाज वाटते तिला,” जानकीअम्मा म्हणाल्या.

शारजाहून नवऱ्याचा फोन आला. “तयारी कशी चाललीय?”

“तुझी बहीण जाळं फाडणार, दुसरं काय!” प्रसीता म्हणाली. पण आतून तिचा जीव टांगणीला लागला होता. ती भगवतीला दिव्याच्या तेलाचा नवस बोलली.

निवडीच्या दिवशी दिल्ना हटून बसली. “तूही चल. परक्या हाताचा बॉल मला लागत नाही.”

शाळेच्या मैदानावर गावातल्या निम्म्या बायका लोटल्या होत्या. राघवन माश, म्हणजे मास्तर, क्लबाचे म्हातारे कोच, गळ्यात शिटी घालून उभे होते. नेटजवळ मुली आळीपाळीने लिफ्ट देत होत्या. जरा वेळाने दिल्नाने प्रसीताला पुढे ढकललं.

“आलीच आहेस तर या पोरींनाही दे लिफ्ट,” माश म्हणाले.

प्रसीताने चुडीदारची ओढणी कमरेला बांधली. ही पोरं आटपली की दिल्नाची पाळी, एवढंच तिच्या डोक्यात. बॉल कुठूनही येत होते आणि पास देत होती ती अवदसा दिल्नाच, नेहमीसारखी वेडीवाकडी. प्रसीता धावली, वाकली, उडाली. पोरी धडाधड मारत सुटल्या. एकीने तर स्मॅश मारल्यावर येऊन तिला मिठीच मारली.

मग माशांनी शिटी वाजवली. “झालं. उन्हं उतरली, घरी जा सगळ्या.”

प्रसीताने वळून दिल्नाकडे पाहिलं. दिल्नाच्या हातून एकही स्मॅश झाला नव्हता. आणि ती पोरगी दूर उभी राहून चक्क पाणी पीत होती! परक्या पुरुषासमोर प्रसीताने आजवर कधी आवाज चढवला नव्हता. आज ती तरातरा चालत गेली आणि माशांच्या पुढ्यात उभी राहिली.

“माश, हा कुठला न्याय? दिवसचे दिवस राबलीय ती. नेटजवळ येऊही न देता घरी पाठवता? मी लिफ्ट देते, तिचा एक तरी स्मॅश बघा! नाहीतर मी इथून हलणार नाही.”

राघवन माशांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग दिल्नाकडे, आणि गळ्यातली शिटी काढून खिशात टाकली.

“तिला आम्ही ओणमलाच घेतलंय, बाई. आज फक्त लिफ्टर निवडायची होती.”